वृद्धाश्रमाची फी: आईचे पैसे, आईचं घर आणि तिघांचा वाटा

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताई जुळे सोलापूरला राहतात, नोकरी करतात, मुलगी यंदा बारावीला. आई ७७ वर्षांची, वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, ते गेले. दिवाळीनंतर आई बाथरूममध्ये पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, आता वॉकर धरून चालते पण रात्री तीनदा उठवावं लागतं, आणि अलीकडे विसरायलाही लागलीये. दिवसा ठेवलेली बाई टिकत नाही. होटगी रोडला एक केअर सेंटर बघितलं, महिना २२ हजार आणि डिपॉझिट एक लाख सांगतात. दुसरं एक ट्रस्टचं आहे, १२ हजार, पण ते म्हणतात स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे. आईला फॅमिली पेन्शन साडेसोळा हजार, बँकेत आठ लाखांची एफडी, पतसंस्थेत सहा लाख, आणि अशोक चौकाजवळ आईच्या नावावरचं दोन मजली घर. वरच्या मजल्यावर धाकटा भाऊ राहतो, त्याचं नवी पेठेत दुकान आहे. खालचा मजला आई ताईंकडे आल्यापासून कुलूपबंद. थोरला पुण्यात, तो म्हणतो मी तीन हजार पाठवतो, त्याच्यावर जमणार नाही. धाकटा म्हणतो घर माझ्या नावावर कर, मग फी मी भरतो. ताई विचारतात, एवढी फी बरोबर आहे का, ती भरायची कुणी, आणि आईच्या एफडीला हात लावला तर ते पाप होईल का.

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बाकी सगळं त्यावर अडलंय. एफडीला हात लावा. ते पैसे आईचे आहेत आणि आईच्या म्हातारपणासाठीच आहेत. तुमच्या वडिलांनी मास्तरकीच्या पगारातून ते साठवले ते कशासाठी हो, आईची आबाळ होऊ नये म्हणूनच ना. आपल्याकडे काय होतं, आईचे पैसे "हात लावायचे नाहीत" म्हणून बाजूला राहतात आणि खर्च जी लेक जवळ राहते तिच्या पगारातून होतो, आणि मग आई गेल्यावर त्याच पैशाचे तीन सारखे वाटे पडतात. म्हणजे जिनं केलं तिच्या खिशातून गेले आणि ज्यांनी लांबून बघितलं त्यांच्या वाट्याला आले. हा न्याय नाही आणि यात आईचंही भलं नाही. तेव्हा क्रम असा धरा: आधी आईचं उत्पन्न, मग आईची साठवण आणि घराचं भाडं, आणि त्यानंतर जे कमी पडेल ते तिघा भावंडांनी. हे एकदा डोक्यात पक्कं झालं की बाकीचा हिशोब बसतो.

आता फी. २२ हजार हा आकडा फी नाहीये, ती फक्त सुरुवात आहे. केअर सेंटरवाले जो आकडा फोनवर सांगतात त्यात साधारण खोली, जेवण, कपडे धुणं आणि मावशींचा पगार एवढं असतं, बाकी सगळं वर लागतं. डायपर धरा. रात्रीचे आणि दिवसाचे मिळून तीन जरी लागले आणि एक चाळीस रुपयांना पडला तरी महिन्याला ३,६०० झाले. औषधं तुमच्या पत्रात अडीच हजार आहेत, ती राहणारच. फिजिओथेरपीवाला येतो म्हणतात पण तो दर वेळेचे वेगळे घेतो, डॉक्टरची व्हिजिट वेगळी, हॉस्पिटलला न्यायचं झालं तर सोबत मावशी पाठवायचे वेगळे, ॲम्ब्युलन्स वेगळी. आणि आपल्या सोलापुरात एप्रिल-मेमध्ये ४२-४३ डिग्रीला कूलर-एसीच्या लाइट बिलाचं काय, आणि पाणी रोज येत नाही तेव्हा टँकरचं काय, हे पण विचारा, कारण काही ठिकाणी उन्हाळ्यात जादा घेतात. किरकोळ धरून माझ्या अंदाजानं तुमच्या आईचा खरा महिना साडेएकोणतीस-तीस हजारांचा पडेल, बावीसचा नाही.

त्यात जीएसटीचा एक मुद्दा आहे जो बहुतेकांना बिल हातात पडल्यावर कळतो. धर्मादाय म्हणून आयकर खात्यात नोंद असलेल्या संस्थेनं चालवलेला वृद्धाश्रम असेल, राहणारा साठच्या पुढचा असेल आणि राहणं-जेवण-देखभाल सगळं धरून महिना २५ हजारांपर्यंत घेत असतील तर जीएसटी माफ आहे. सरकारी वृद्धाश्रमालाही तसंच. पण खासगी मालकाचं सेंटर असेल तर १८ टक्के लागू शकतो, म्हणजे २२ हजारांवर ३,९६० रुपये. तेव्हा होटगी रोडवाल्यांना सरळ विचारा, हे जीएसटी धरून का सोडून, आणि उत्तर लिहून घ्या.

खरी फी कळायचा एक सोपा मार्ग सांगते. त्यांना म्हणा, तुमच्याकडे आमच्या आईसारख्या, वॉकरवर असलेल्या एखाद्या आजी असतील, त्यांचं मागच्या महिन्याचं बिल दाखवा, नाव झाका हवं तर. ज्यांचा कारभार स्वच्छ असतो ते दाखवतात. जे "अहो ताई, तुम्ही काळजी करू नका, बघू आपण" म्हणतात त्यांच्याकडे बिल दर महिन्याला वेगळं येतं असं समजायला हरकत नाही. आणि बघायला जायचं तर सकाळी अकराला जाऊ नका, तेव्हा सगळं झाडूनपुसून असतं. रात्री आठच्या सुमाराला जा, जेवणं झालेली असतात, दिवसपाळीच्या मावशी गेलेल्या असतात. तेव्हा किती म्हाताऱ्यांमागे किती मावशी आहेत ते मोजा. तुमची आई रात्री तीनदा उठते, म्हणजे तुम्ही जे पैसे देणार ते मुख्यतः रात्रीचे आहेत. दिवसा काय कुणीही बघतं हो. तिथल्या आज्यांच्या पायाची नखं बघा, टाचा बघा, ताटात भाकरी कुस्करून दुधात-आमटीत दिली का तशीच ठेवली ते बघा. पत्रात तुम्ही लिहिलंय की आईचं माहेर अक्कलकोटचं, आणि आजकाल ती रात्री कानडीतच बोलते. मग रात्रीपाळीला कानडी समजणारी एक तरी मावशी आहे का हे विचारायला लाजू नका. विसरायला लागलेल्या माणसाला आपलं बोलणं समोरच्याला कळत नाही असं वाटलं की ते घाबरतं, चिडतं, आणि मग सेंटरवाले म्हणतात "आजी त्रास देतात, स्पेशल मावशी लावा", तिचे पैसे पुन्हा वेगळे.

यावरून आठवलं, विसरण्याचं एकदा नीट तपासून घ्या, फी ठरवायच्या आधी. मोठ्या ऑपरेशननंतर म्हातारी माणसं काही काळ गोंधळतात, कधी बी-१२ कमी असतं, थायरॉइड असतं, लघवीचं इन्फेक्शन असतं, आणि ते उपचारानं सुधारतं. खासगी परवडत नसेल तर सिव्हिलच्या ओपीडीत दाखवा. याचा पैशाशी थेट संबंध आहे कारण बरीच सेंटरं माणसाच्या अवस्थेनुसार दर लावतात, चालणारा, आधार लागणारा, अंथरुणाला खिळलेला, डिमेन्शियाचा. आई आज "आधार लागणारी" आहे. उद्या वरच्या दरात गेली तर फी किती होणार आणि ते ठरवणार कोण, त्यांचा मॅनेजर की डॉक्टर, हे आजच विचारा.

ट्रस्टचं १२ हजारवालं स्वस्त आहे, माणसंही चांगली असतील, पण ते तुम्हाला स्पष्ट सांगतायत की स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे. तुमच्या आईला येत नाही. "आत्ता येतं" म्हणून तिथं ठेवलं तर दोन महिन्यांत फोन येईल की घेऊन जा, आणि तेव्हा घाईत जे मिळेल ते घ्यावं लागेल. सरकारी अनुदानावरचे मोफत वृद्धाश्रम पण असतात, पण ते निराधारांसाठी असतात, तुमची आई त्यात बसत नाही आणि जागा अडवूही नये असं मला वाटतं. ज्यांना खरंच कुणी नाही त्यांच्यासाठी मात्र जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या ऑफिसात चौकशी करता येते, कुणा शेजाऱ्याला लागलं तर सांगा.

आता हिशोब मांडू. आईचे एकूण १४ लाख. त्यातले दोन लाख बाजूला, एक डिपॉझिटला आणि एक अचानक लागलं तर बचत खात्यात. उरले १२ लाख. ते पोस्टाच्या किंवा बँकेच्या सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीममध्ये टाका. तिथं ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, एप्रिल २०२३ पासून दर ८.२ टक्के चाललाय, आणि ज्या दरानं खातं उघडलं तो दर पाच वर्षं बदलत नाही. उघडायच्या दिवशी तेवढा काउंटरवर विचारून घ्या. १२ लाखांवर वर्षाला ९८,४०० होतात, ते दर तिमाहीला २४,६०० असे खात्यात येतात, म्हणजे महिन्याला ८,२०० धरा. पेन्शन १६,५००. झाले २४,७००. आता खालचा मजला. कुलूप लावून ठेवलेल्या घराला वाळवी लागते बाकी काही होत नाही, तो भाड्यानं द्या. अशोक चौकाजवळ दोन खोल्यांचे पाच हजार तरी यावेत असं धरते, करार लिव्ह अँड लायसन्सचा, रजिस्टर केलेला, आणि भाडं आईच्या खात्यात. झाले २९,७००. खर्च तीस हजारांच्या आसपास. जीएसटी लागला तर चार हजार कमी पडतील, नाही लागला तर पहिलं वर्ष आईच्याच पैशात जवळजवळ भागतं, घर न विकता. तुम्ही पत्रात लिहिलंय की "आमच्यावर डोंगर कोसळलाय". डोंगर आहे पण तो पहिल्या वर्षी नाहीये, तो पुढे आहे.

कारण फी वाढते. तुम्हाला दिलेल्या कागदावर दरवर्षी १० टक्के वाढ लिहिलीये म्हणता. २२ हजारांचे पुढच्या वर्षी २४,२००, मग २६,६२०, चौथ्या वर्षी २९,२८२. वर औषध-डायपर आहेतच. म्हणजे चौथ्या वर्षी खर्च ३७-३८ हजार आणि उत्पन्न मात्र जवळपास तेवढंच, व्याज वाढत नाही, पेन्शन महागाई भत्त्यानं वाढेल तेवढीच. आई ८० ची झाली की शिक्षकांच्या फॅमिली पेन्शनमध्येही वयाप्रमाणे जादा रक्कम मिळते, फक्त पेन्शन देणाऱ्या ऑफिसात तिची जन्मतारीख बरोबर लागली आहे का ते आत्ताच तपासा, बऱ्याच बायकांची लागलेलीच नसते आणि वाढ अडकून पडते. आणि नोव्हेंबरचा हयातीचा दाखला, तो चुकला की पेन्शन थांबते आणि सेंटरची फी थांबत नाही. तरीही चौथ्या वर्षी सात-आठ हजारांची तूट येईल. ती तिघांत वाटली तर प्रत्येकी अडीच-पावणेतीन हजार. एवढ्यासाठी कुणाचं घर बुडत नाही. वाढ "वर्षाला जास्तीत जास्त इतकी, आणि दोन महिने आधी लेखी कळवून" अशी करारात घालायला सांगा, ८ टक्क्यांवर आणता आली तर बघा, मागितल्याशिवाय कोण देतंय.

पतसंस्थेतल्या सहा लाखांबद्दल मला जास्त काळजी वाटते ताई. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, एका बँकेत एका माणसामागे पाच लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेला तो विमा नसतो. एक-दीड टक्का जास्त मिळतो म्हणून आपले लोक तिथं ठेवतात, आणि चांगल्या पतसंस्था आहेतही, पण जे पैसे उद्या आईच्या औषधाला लागणार आहेत ते विम्याशिवाय ठेवायचे नाहीत. मुदत कधी संपते बघा, आधी मोडली तर किती कापतात विचारा, आणि पहिलं काम हेच करा.

दुसरं काम सह्यांचं. आईला अजून व्यवहार कळतो, सही येते, तोवर तिचं पेन्शनचं खातं तुमच्यासोबत "दोघांपैकी कुणीही" असं करता येतंय का बँकेत विचारा, सगळीकडे नॉमिनी लावा, सीनियर सिटिझनचं खातं उघडा. भाऊ म्हणतील मुखत्यारपत्र करून घेऊ. करा, पण एक लक्षात ठेवा, लिहून देणाऱ्याचं भान गेलं की ते मुखत्यारपत्र कायद्यानं चालत नाही, आणि नेमकं तेव्हाच ते लागणार असतं. मग पालक नेमून घ्यायला हायकोर्टापर्यंत जावं लागतं. म्हणून जेवढं आत्ता आईच्या सहीनं होतंय तेवढं करून ठेवा. नुसती सही येईनाशी झाली तर मात्र घाबरू नका, अंगठा आणि दोन साक्षीदार, त्यातला एक बँकेचा जबाबदार माणूस, असं करून पैसे काढता येतात, रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे, बँकेतला माणूस नाही म्हणाला तर मॅनेजरकडे जा.

आता धाकट्या भावाचं. "घर माझ्या नावावर कर, मग फी भरतो." मी इथं स्पष्ट लिहिते, हे करू नका. तो वाईट आहे असं मी म्हणत नाही, दुकानदाराची ओढाताण मला कळते, नवी पेठेत आता पूर्वीसारखं गिऱ्हाईक राहिलं नाही हेही कळतं. पण बघा ना, आईच्या वरच्या मजल्यावर तो भाडं न देता राहतो. खालच्या मजल्याला पाच हजार येणार असतील तर वरच्यालाही तेवढेच आले असते. म्हणजे आईकडून तो आजच महिन्याला पाच हजारांचं घेतोय. त्याचा वाटा थोरल्यापेक्षा कमी कसा? फी भरायची असेल तर त्यानं आजपासून भरावी, घर न घेता. आणि घर एकदा बक्षीसपत्रानं गेलं की आईच्या हातात सौदा करायला काही उरत नाही.

कायदा यात आईच्या बाजूनं आहे, थोडा समजून घ्या. २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक चरितार्थाचा कायदा आहे, त्यातलं कलम २३ सांगतं की मुलानं सांभाळ करायचा या अटीवर मालमत्ता दिली आणि त्यानं सांभाळलं नाही तर ते हस्तांतर रद्द करून मागता येतं. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका आईच्या बाजूनं असा निकालही दिला. पण अट कागदात लिहिलेली नसली तर वाद घालत बसावं लागतं, आधीच्या एका निकालात त्याच मुद्द्यावर आईविरुद्ध गेलं होतं. तेव्हा उद्या आईनंच ठरवलं की घर धाकट्याला द्यायचं, तर वकिलाकडून बक्षीसपत्रात अट घालून घ्या की अमुक सेंटरची फी आणि औषधपाणी आई असेपर्यंत तो भरेल. त्यापेक्षा मृत्युपत्र बरं, ते आईला कधीही बदलता येतं.

याच कायद्याखाली आई मुलांकडून पोटगी मागू शकते, मुलगा आणि मुलगी दोघांवर जबाबदारी सारखी आहे, म्हणजे तुमच्यावरही, हे लक्षात असू द्या. अर्ज प्रांत अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा असतो, नोटीस गेल्यावर ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो, फार तर ३० दिवस वाढतात, आणि महिन्याला १० हजारांपर्यंत रक्कम ठरवता येते. आईला स्वतः जमत नसेल तर ती दुसऱ्या कुणाला अधिकार देऊ शकते. पण तुमच्या घरात अजून तिथवर गेलेलं नाही. थोरला तीन हजार म्हणतोय, नाही म्हणत नाहीये. माझ्या मते भावांना हिशोब दिसला तर ते देतील, कारण आत्तापर्यंत त्यांच्यापुढं नुसता "खूप खर्च आहे" एवढाच शब्द आलाय, आकडा आलेला नाही. एका रविवारी थोरल्याला सोलापूरला बोलवा, फोनवर नको, आणि वरचा हिशोब वहीत लिहून समोर ठेवा. आईच्या खात्यात दर महिन्याच्या पाच तारखेला थोरल्याचे तीन हजार, धाकट्याचे तीन हजार, आणि तुमचे? तुम्ही आत्ता तरी पैसे देऊ नका. आठवड्यातून दोनदा तिथं जाणं, औषधं आणणं, बिल तपासणं, डॉक्टरला गाठणं, हा तुमचा वाटा आहे आणि तो वहीत तसाच लिहा. सुरुवातीला भावांचे सहा हजार लागणारही नाहीत कदाचित, ते साठू द्या, जीएसटी लागला तर त्यात जाईल आणि नाहीतर चौथ्या वर्षाच्या तुटीला उपयोगी पडतील. तरी कुणी ऐकलंच नाही तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे, तिथं आधी बोला, मग प्रांत ऑफिस.

सरकारकडून काय मिळतं असंही विचारलंत. श्रावणबाळसारख्या योजना अगदी कमी उत्पन्नवाल्यांसाठी आहेत, पेन्शनमुळे आई त्यात बसणार नाही, तिथं हेलपाटे घालू नका. पण आयुष्मान वय वंदना कार्ड मात्र ह्याच आठवड्यात काढा. ७० च्या पुढच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंत हॉस्पिटलचा खर्च त्यात होतो, ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे, आधार कार्ड लागतं. त्यातून वृद्धाश्रमाची फी मिळत नाही, गैरसमज नको, ॲडमिट झालं तरच आणि यादीतल्या हॉस्पिटलमध्येच. तरी त्याचा फायदा असा की उद्या दुसरा खुबा मोडला तर १२ लाखांतले तीन लाख एका झटक्यात जाणार नाहीत, आणि ते गेले नाहीत तरच महिन्याचे ८,२०० टिकतात. मेडिक्लेम कुणाकडे असला तरी तोही राहण्या-जेवणाची फी देत नाही. थोरल्याला सांगा, तो जुन्या करप्रणालीत असेल आणि आईचा मेडिक्लेम नसेल तर तिच्या औषधोपचाराचा ५० हजारांपर्यंतचा खर्च त्याला ८०डी म्हणतात त्या सवलतीत दाखवता येतो, फक्त पैसे रोख दिलेले नकोत. म्हणून औषधांचं बिल त्यानं ऑनलाइन भरावं. हे सांगितल्यावर तीनाचे चार हजारही होतील बघा.

रिव्हर्स मॉर्गेजबद्दल, म्हणजे घर बँकेकडे तारण ठेवून त्यावर पैसे घेण्याबद्दल, कुणी सांगितलं असेल तर आत्ता त्याची गरज नाही, घर भाड्यानं जातंय तोवर कर्जाच्या वाटेला नको.

राहिलं डिपॉझिट आणि करार, इथं मात्र घाई करू नका. एक लाख "डिपॉझिट" म्हणतात ना, मग पावतीवर डिपॉझिटच लिहिलेलं पाहिजे. काही ठिकाणी पावती देणगीची देतात. देणगी दिली की दिली, ती परत मागता येत नाही. परत किती दिवसांत मिळणार, त्यातून काय कापणार, आई महिन्याच्या मध्यात गेली किंवा आपण घरी आणली तर उरलेल्या दिवसांची फी परत का नाही, हॉस्पिटलमध्ये पंधरा दिवस असेल तेव्हा पूर्ण फी घेणार की जेवणाचे कापणार, किती दिवसांच्या नोटिशीनं ते आईला "घेऊन जा" म्हणू शकतात, रात्री तब्येत बिघडली तर कुणाला फोन आणि कुठल्या हॉस्पिटलला, हे सगळं करारात लिहिलेलं हवं. आई जाण्याबद्दल असं विचारायला जीभ रेटत नाही, मला माहितीये, तरी विचारा, नाहीतर त्या दिवशी रडत रडत पैशाचं बोलावं लागतं. फी नेहमी आईच्या खात्यातून ट्रान्सफर करा, रोख नको, दर महिन्याला तपशीलवार बिल घ्या. पैसे देऊन घेतलेली सेवा ग्राहक कायद्यात येते, डिपॉझिट अडवलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या रकमेच्या तक्रारीला तिथं फी नाही, आधी १९१५ वर फोन करून बघा. पण हे सगळं कागद असेल तरच.

लोक काय म्हणतील याबद्दल तुम्ही दोन पानं लिहिलीत, मी चार ओळीच लिहिते. जे म्हणतील त्यांच्यातलं कुणी रात्री अडीचला उठून आईला बाथरूमला नेणार आहे का? तुम्ही चार महिने झोपलेल्या नाहीत, मुलीची बारावी आहे, तुमची नोकरी गेली तर या हिशोबातला एक पायच मोडतो. आईला नीट, वेळेवर, दोन माणसांच्या आधारानं उठवलं जावं आणि ती परत पडू नये, हे तुम्ही तिच्यासाठी करताय. ते लपवून करू नका.

म्हणजे आईलाही सांगा. तिला फसवून "दवाखान्यात जातोय" म्हणून नेऊ नका, विसरत असली तरी फसवलेलं माणसाला कळतं. होटगी रोडवाल्यांना विचारा की डिपॉझिट न घेता पंधरा दिवस ठेवतील का, दिवसाच्या हिशोबानं पैसे घेऊन, बरीच सेंटरं ठेवतात. पहिले दोन-तीन दिवस रोज जा, मग एक दिवस आड. तिची चादर, तिचा पितळी तांब्या, वडिलांचा फोटो बरोबर द्या, दागिने देऊ नका. पंधराव्या दिवशी आलेलं बिल दुप्पट करून ते आणि माझा वरचा महिन्याचा अंदाज शेजारी ठेवून बघा, दोन-अडीच हजारांपेक्षा जास्त फरक आला तर कशामुळे ते विचारा, आणि उत्तर पटलं तरच एक लाखाचा चेक लिहा. तोवर पतसंस्थेची मुदत कधी संपते ते मला कळवा, मोडायची की थांबायचं ते आकडे बघून सांगते.